पहिला फोन

"लिनक्स," ती म्हणाली. "आठही मशिनांवर लिनक्स."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना ऑफिसात सगळेच काका म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून वयानं मोठे होते.

"आणि फ्रीबीएसडीनं काय घोडं मारलंय तुझं?"

रुग्णवाहिकेसाठी फोन आला की जवळची गाडी कुठे उभी आहे हे क्षणात सापडावं, म्हणून ती माहिती आठ मशिनांच्या मेमरीत वाटून ठेवलेली असे. एखादं मशीन बसलं तर उरलेल्यांनी सांभाळून घ्यायचं. आता फ्रीबीएसडीवर चालणारी जुनी मशिनं जाऊन उद्या नवी लागायची होती, आणि त्यांच्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालायची ते ठरवायला तिघं बसले होते. ऑफिसचा एक नियम मात्र बदलणार नव्हता. मशीन बिघडलं की ज्यानं सिस्टिम निवडली, पहिला फोन त्याला. मग तो जेवत असो, नाहीतर झोपलेला असो.

इतकी वर्षं तो फोन काकांचा होता. आणि आज सकाळीच चहा घेताना ते सहज बोलून गेले होते, "काल पहाटे वाजला. ही दचकून उठली ती उठलीच." काकूंचं पाठीचं ऑपरेशन होऊन त्या नुकत्याच घरी आल्या होत्या.

"मेमरी कमी पडली की हे तुझं लिनक्स डिस्कवर लिहीत बसेल," काका म्हणाले. "सगळ्याची गोगलगाय होईल."

"ते बंद केलंय."

"मग समोर दिसेल त्या प्रोग्रामचा गळा धरेल."

"प्रत्येक मशिनवर जागा मोकळी सोडलीय. आठवडाभर चालवून बघितलंय, काका."

"अहो, दोन्ही चालतात ना?" साहेबांनी विचारलं.

"चालतात," दोघं एकदमच म्हणाले.

"मग माझीच राहू दे," काका म्हणाले. "मला ती तोंडपाठ आहे."

"तुम्हालाच आहे. दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

हे तिला बोलायचं नव्हतं. पण आता गाडी घसरलीच होती.

"मागच्या वेळी माझी पोरगी चार महिन्यांची होती. मशिनं माझ्याकडे येणार होती, पहिला फोनही; लिनक्स ठरल्यात जमा होतं. तुम्ही टेबलावर मूठ आपटून फ्रीबीएसडी आणलंत. मी घरी जाऊन तुम्हाला वाट्टेल ते बोलले."

"काय काय बोललीस?"

"हेकट. खडूस. पुढचं सांगत नाही, साहेब बसलेत." ती पुढे सरकली. "तेव्हाही दोन्ही चालत होत्या ना, काका?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. साहेबांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं, आणि मग बशीतल्या बिस्किटाकडे.

"अगं, माझीच खेळी माझ्यावर?"

"मूठ तेवढी आपटायची राहिली होती," ती म्हणाली आणि आपटली. कप खणखणले, साहेबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "लिनक्स. आणि आजपासून पहिला फोन माझा. जुन्या मशिनांचासुद्धा. एका रात्रीत काही आभाळ कोसळत नाही."

"एका रात्रीत पडलंच काही, तर तुला जमेल?"

"नाही जमलं तर आहेच की तुम्ही. पण दुसरा फोन."

साहेब चमच्यानं बिस्किट शोधत "बरं" म्हणाले, आणि बैठक संपली.

ती लॅपटॉप मिटून निघाली, तर काका दाराशीच उभे. हातात फोन. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, फोन उलटा करून पाहिला. अख्ख्या ऑफिसाला मशिनं शिकवलेला माणूस, कान लाल झाले होते.

"एक सांग गं," ते हळूच म्हणाले. "याचा आवाज कुठून कमी करतात? कधी लागलंच नाही."