संकटापुरता फोन

यंदा डोंगरराणीचा मान माझ्या लेकीला, स्टेनव्होरला मिळाला. शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली आणणाऱ्या साऱ्या घोडेस्वारांवर आता तिचा हुकूम चालणार होता. वर नेहमीचा मोबाइल लागत नाही, म्हणून उपग्रहावर चालणारा घ्यायचे ठरले. रेक्याविकच्या दुकानदाराने नकाशे दाखवणारा महागडा फोन पुढे केला. मी साधाच निवडला. किंमत बेताची, बटणे हातमोजे न काढता दाबता येतील अशी. बोलण्याचा दर मात्र जबर.

"तेच बरं," मी लेकीला बजावले. "संकट आलं तरच फोन करायचा. गप्पांसाठी नाही."

ती वर गेली आणि अवेळी हिमवादळ उठले. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तसा मी तो झडप घालून उचलला.

"कोण पडलं?"

"कुणी नाही गं आई. सगळे झोपडीत आहोत, घोडेही धडधाकट आहेत."

"मग संकट कसलं?"

"तुझं! कालपासून खिडकीतून हलली नसशील, अन् बाबांना फाडून खात असशील."

उधळपट्टीबद्दल मी तिला चांगलेच खडसावले. मग ती "ठेवते आता" म्हणत असतानाही एकेका घोड्याची खुशाली विचारीत राहिले.