निळी खुर्ची

पूंगोडीने प्रयोगशाळेतल्या माठातलं पाणी घेतलं, की तिचे पीएच.डी.चे गाइड विटाळ झाला म्हणून माठ घासायला लावायचे. अखेर तिने विद्यापीठाकडे तक्रार केली. "तुझं नाव कुणालाही कळणार नाही, पोरी," हॉस्टेलच्या वॉर्डनअम्मा म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी तिने खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी निळी खुर्ची टाकून वर्दीतली बाई बसलेली. "मी मुत्तम्मा. तुझ्या संरक्षणाला नेमलंय." येणाऱ्याजाणाऱ्या मुली विचारत आणि मुत्तम्मा कौतुकाने सांगे, "तक्रार केलीय ना, त्या पोरीसाठी!" दुपारी मेसमध्ये सांबारभाताचं ताट घेऊन तिच्याशेजारी एकटी मुत्तम्माच बसली. पूंगोडी वॉर्डनअम्मांकडे धावली. "अम्मा, पाया पडते, ती खुर्ची उचला!" त्यांनाही गलबलून आलं. "उचलते गं. पण नियमाप्रमाणे तुझा अर्ज लागेल." पूंगोडीने उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. अम्मांनी तो वाचला, नजर चुकवून परत दिला. "खाली नेहमीसारखी गाइडची सही आण."