आईची बॅग

आमच्या पोत्झुओली गावात जमीन पुन्हा हलायला लागली तेव्हा नगरपालिकेनं सांगितलं, दाराशी बॅग भरून ठेवा. पाणी, टॉर्च, औषधं मी भरली. आईनं वेगळीच बॅग भरली, वर कुणाला उघडू देईना. "टोमॅटो सॉसच्या बाटल्या कोंबल्यास ना?" मी चिडवलं. परवा मोठा धक्का बसला. आईची बॅग अंगणात ओढताना चेन तुटली. आत आईचा काळा पोशाख होता, मेल्यावर अंगावर घालायला जपलेला. इथल्या म्हाताऱ्या ठेवतातच. पण त्याखाली माझा निळा ड्रेस, नवऱ्याचा लग्नातला सूट आणि लेकीचा चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा फ्रॉक निघाला. "आई, हे काय गं?" "ऐंशी सालच्या भूकंपात तुझ्या मावशीला परक्या बाईच्या गाऊनमध्ये पुरलं," ती म्हणाली. "तुमचे तसे हाल नकोत." फ्रॉकची दुमड उसवून खाली सोडली होती. "वाढत्या अंगाची पोर आहे," आई म्हणाली. "अजून वर्षभर पुरेल."