शुक्रवारची गाडी

करुणाने जुन्या फिल्टरची दुसरी नळी ओढून काढली आणि काळपट डिझेल तिच्या मनगटावरून खालच्या पातेल्यात पडलं. तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा, सुहासचा होता. तिने करंगळीने स्पीकर लावला आणि फोन बॅटरीवर आडवा ठेवून दिला.

"काय करतेस?"

"फिल्टर बदलतेय गाडीचा. चढ आला की बंद पडते. शुक्रवारी तुम्हाला आणायला निघायचं आणि स्टेशनच्या वाटेवर ही बसली म्हणजे?"

"गौरवला बोलवायचं ना."

"तो आठ दिवस गॅरेज बंद ठेवून मुंबईला गेलाय. आणि दरवर्षी तुम्ही बदलता तेव्हा फडका घेऊन मीच उभी असते ना बाजूला? बघून येतं माणसाला."

सुहास जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता. जहाज दुबईकडच्या फुजैरा बंदराबाहेर नांगरलेलं. सात महिने झाले होते. बुधवारी उतरायचं, शुक्रवारी सकाळच्या गाडीने रत्नागिरी. भाट्याच्या या घरात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे नंदाताईंनी, मासळीवालीला सुरमई सांगून ठेवली होती.

"आवाज येतोय काय माझा?" करुणाने विचारलं.

"येतोय." मग तो म्हणाला, "करुणा, माझ्या जागेवर येणारा माणूस आला नाही. मेडिकलमध्ये अडकला म्हणे. आत्ता सांगितलं आम्हाला. दुसरा मिळेपर्यंत मला सोडत नाहीत."

"किती दिवस?"

"दोन महिने. तेवढे तरी."

तिच्या बोटांवरून डिझेल ठिबकत होतं. पातेल्यात थेंब पडताना ती बघत राहिली. ओटीवरून नंदाताईंच्या सुपाचा आवाज येत होता. त्या तांदूळ पाखडत होत्या.

"मग राहू दे आता हे," ती म्हणाली आणि पाना खाली ठेवला. "गौरव आला की करील."

"उघडं टाकू नको. नळ्यांत धूळ जाईल."

तिने नवा फिल्टर उचलला.

"नवा फिल्टर कुठाय?" सुहासने विचारलं.

"आहे. हातात."

"त्यात डिझेल भर. रिकामा बसवलास तर तासभर दमशील."

डिझेलचा कॅन पायाशीच होता. तिने नरसाळं लावलं आणि हळूहळू ओतलं. डिझेल काठाशी आल्यावर तिने सांगितलं, "भरला."

"वर बाण आहे, दिसला काय?"

"दिसला."

"कुणीकडे करशील?"

"इंजिनाकडे."

"बरोबर. आता नळ्या."

तिने एक नळी बसवली, क्लिप दाबली. मग दुसरी. क्लिप बसल्याचा आवाज त्याला तिकडे ऐकू गेला असावा. तो "हं" म्हणाला. पुढची गोष्ट तिला ठाऊक होती, तरी तो सांगेपर्यंत ती थांबली.

"रबरी फुगा आहे ना नळीला, तो दाबत राहा. आतली हवा निघायला पाहिजे. कडक होईपर्यंत दाब."

ती दाबू लागली. फुगा आधी नुसताच पोकळ दबत होता. वीस झाले, तीस झाले. तिने डावा हात लावला. डोळे पुसायला एकही हात स्वच्छ नव्हता, म्हणून खांद्याला गाल घासला.

"बोलत का नाहीस?"

"दाबतेय."

"झाला काय कडक?"

"नाही अजून."

"मी आहे फोनवर," सुहास म्हणाला. "सावकाश होऊ दे."

फुगा कडक झाला, त्यानंतरही ती चार-पाच वेळा उगाच दाबत राहिली. मग आत बसून तिने चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. गाडी हादरली, मागून काळा धूर निघाला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

नंदाताई सूप ठेवून अंगणात आल्या. "लागली गो," त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी करुणाच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. बॅटरीवरच्या फोनकडे पाहिलं.

"किती महिने लांबलं?" त्यांनी विचारलं.

"दोन."

नंदाताईंनी मान हलवली. बोनेटखाली वाकून त्यांनी फोन उचलला आणि तोंडाशी धरला. "सुहास, जेवतोस काय रे नीट?"

"जेवतो आई."

"मग झालं. मासळीवालीला सांगते मी, दोन महिन्यांनी आण म्हणून."

करुणाने इंजिन बंद करायला चावीला हात लावला, तशी नंदाताईंनी तिला हातानेच थांबवलं. फोनमधून सुहास काहीतरी सांगत होता.

"काय म्हणतात?" करुणाने विचारलं.

"बंद करू नको म्हणतो. तिथे दिवसभर मशीनच्या आवाजात असतो, पण ही आपल्या अंगणातली आहे म्हणतो. जरा रेस दे."

करुणाने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज चढला, अंगणभर झाला. तिने पाय सैल केला की नंदाताई फोनकडे वाकून ऐकत आणि "अजून थोडं म्हणतो" सांगत, आणि ती पुन्हा दाबी. नंदाताई पदर कमरेला खोचून गाडीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी फोन इंजिनासमोर धरला होता. हात भरून आले तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.