नकाशातलं तळं

"मॅडम, जायचंच असेल तर हा दोर कमरेला बांधा," गाडी थांबवत म्हातारा ड्रायव्हर त्सेवांग म्हणाला. समोर लडाखचं उजाड पठार भर दुपारी पांढरंफटक पडलं होतं. हेमांगीच्या हातातल्या इंग्रजांच्या काळच्या नकाशात इथे निळंशार तळं होतं. ते कधी आटलं, हे शोधायला ती पुण्याहून आली होती. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तिने हसत दोर बांधला आणि ती त्या कोरड्या खळग्यात उतरली.

थोडं पुढे जाताच वारा पडला. बूट कोरडेच होते, पण घोट्यांना बर्फासारखा गारवा झोंबला. तो गुडघ्यांपर्यंत चढला, कमरेपर्यंत चढला, गळ्याशी आला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. श्वास घुसमटला, पाय जमिनीवरून सुटले.

त्सेवांगने जीव खाऊन दोर ओढला. काठावर येताच ती भडाभडा पाणी ओकली. त्यात बोटाएवढा एक मासा तडफडत होता.

"हा बिचारा इथे मरेल," असं पुटपुटत त्सेवांगने तो अलगद उचलला आणि खळग्याकडे भिरकावला.

मासा रेतीवर पडलेला दिसलाच नाही. फक्त डुबुक असा आवाज आला.