हात वर

लिफ्ट दोन वर्षं बंद का आहे, एवढंच विचारायला मी सोसायटीच्या वार्षिक सभेत हात वर केला. नऊ वर्षं हॅम्बुर्गला राहिलं की अशा सवयी लागतात. बाकीचे सगळे हात मांडीखाली दाबून बसले होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"नवे सेक्रेटरी स्वतःहून पुढे आलेत," खरवंडीकरकाका म्हणाले. चौदा वर्षं तेच सेक्रेटरी होते. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ बाबांनी वाजवल्या.

"काका, मी फक्त विचारत होतो."

"मीही फक्त विचारलंच होतं रे. तेव्हा पाण्याचा पंप बंद होता."

इथे माझं जमत नाहीये, पुढच्या महिन्यात परत जातोय, हे मी आज जेवताना घरी सांगणार होतो. आता भर सभेतच सांगावं म्हणून उठलो, "काका, पण मी इथे असेन की नाही..."

"न असायला काय झालं? कायमचा आलाय तो," आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. पुन्हा टाळ्या पडल्या.

काकांनी टाकीच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या मुठीत ठेवला आणि मूठ दोन्ही हातांनी मिटवली. "सुटलो बाबा. मंगळवारी लेकीकडे चाललोय, हॅम्बुर्गला. थंडी फार असते म्हणे. तुझा तो जाड कोट आता तुला कशाला लागतोय?"

मी आईकडे वळलो, तर तिची खुर्ची रिकामी. लिफ्ट बंद असली तरी कोट आणायला ती चार मजले चढून गेलीसुद्धा होती.