नाव कोण वाचतंय

“पदवी नाही, ठीक. हा प्रोग्राम तुम्ही लिहिला, असं म्हणता,” पडद्यावरून रेस्त्रेपोसाहेब म्हणाले. बोगोतात त्यांचे सात दवाखाने. रुग्णांच्या वेळा लावणारा हा प्रोग्राम त्यातल्या एकात चालत होता. आता तो साती ठिकाणी हवा होता, सांभाळायला माणूसही हवा होता. “पण वर नाव इंजिनियर विल्मर उर्दानेतांचं आहे.”

“चुलतभाऊ आहे माझा. नाव त्याचं, काम माझं,” नेरेइदा म्हणाली. “इंजिनियर लिहिल्याशिवाय तेव्हा कुणी साधं उत्तर देत नव्हतं, साहेब.”

“बरं. रविवारी एकाच वेळेवर दोन रुग्णांची नावं लागतात. शोधा चूक.”

तिने मिनिटभरात शोधली.

“आमच्या माणसाला तीन दिवस लागले.” साहेबांचा आवाज बदलला. “तुम्हाला आधीच कुणीतरी सांगितलंय.”

“मी लिहिलंय, म्हणून सापडली.”

“थांबा. इंजिनियरांनाच विचारतो.”

फोन तिच्याच स्वयंपाकघरात वाजला. विल्मर समोर आरेपा, मक्याची जाड भाकरी, खात बसला होता. आज त्याच्या गल्लीत वीज नव्हती, म्हणून सकाळपासून इथेच. त्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोटं पँटला पुसली आणि मागच्या अंगणात गेला.

खिडकी उघडी होती.

“हो साहेब, बहीणच. माझ्याकडेच शिकली... नाही, डोकं आहे तिला. पण एकटीवर नका टाकू.”

साहेब पडद्यावर परत आले. आता हसत होते. “ठरलं. जबाबदारी इंजिनियरांची. तुम्ही त्यांच्या हाताखाली. मोठ्या मनाचा माणूस आहे हो तुमचा भाऊ.”

पडदा काळा झाला. विल्मर दारात उभा.

“ताई, तुझ्या कामावर आणखी तीन ठिकाणी माझंच नाव आहे. खरं सांगितलं असतं तर सगळंच गेलं असतं. तुझंही.” मग हळूच, “काम तर मिळालं ना?”

याला शिव्या घालणं सोपं होतं. पण चार वर्षांपूर्वी याच टेबलावर तो म्हणाला होता, माझं नाव नको ताई, उद्या अडचण होईल. आणि ती हसली होती. “नाव कोण वाचतंय, वेड्या?”

“तो रविवारचा घोळ,” विल्मर खाली बघत म्हणाला, “चारपर्यंत निस्तरशील? मी हो म्हणून बसलोय.”

या गल्लीतली वीज जायची पाळी यायला अजून दोन तास होते. नेरेइदाने नवी फाइल उघडली. वर कुणाचं नाव लिहायचं याचा विचार ती करत होती, तोवर बोटांनी पहिली ओळ लिहूनही टाकली होती: इंजिनियर विल्मर उर्दानेता.